अर्धा किलो म्हणजे दोन कप

पाणीपुरवठा खात्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाला मापं शिकवायला जाऊ नये, असं या गृहस्थांचं ठाम मत होतं. ऑफिसात सगळे त्यांना 'लिटरसाहेब' म्हणत आणि ते हा मान समजत (समजू द्यावं, आपलं काय जातंय?).

बायकोचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिची थोरली बहीण मदतीला आली होती. आल्याआल्याच ताईंनी बहिणीला सुनावलं, "तुझा नवरा या घरात पाहुणा आहे गं. येतो, जेवतो, उठतो." आतल्या खोलीत साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी बायकोचा वाढदिवस होता. केक आपणच करायचा आणि ताईंना शब्द मागे घ्यायला लावायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि बाहेर येऊन दोघींना तसं सांगूनही टाकलं.

बायकोने खुर्चीत बसून कृती सांगितली. दोन कप मैदा, कपभर साखर, अर्धा कप कोको. 'कप' ऐकूनच साहेबांना हसू आलं. कप हे काय माप झालं? कुणी शिगोशीग भरतं, कुणी हात राखून. त्यांनी कपभर पाणी वजनकाट्यावर ठेवलं, कपाचं वजन वजा केलं. अडीचशे ग्रॅम. म्हणजे मैदा अर्धा किलो आणि कोको सव्वाशे ग्रॅम, हिशेब मिटला.

"अहो, मैदा एकदा कपात भरून तर बघा."

"अगं, कप तोच आहे ना? मग आत पाणी असलं काय आणि मैदा असला काय?"

बायकोने विषय सोडला आणि पुढची कृती सांगितली. संसारात कुठे गप्प बसावं हे तिला चांगलं कळत होतं.

मिश्रणात चमचा उभा राहिला तो हलेचना. साहेबांनी दोन्ही हातांनी ढवळलं, दूध मात्र थेंबभरही वाढवलं नाही. संध्याकाळी केक कापायला घेतला, तर सुरी आत गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

ताईंनी सुरीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. त्यांना दया आली असावी. "भाऊजी, माप चुकलं एवढं म्हणा, मी माझे शब्द मागे घेते."

एवढंच म्हणायचं होतं. पण मोडेन पण वाकणार नाही, हा साहेबांचा बाणा. त्यांनी हाताने एक तुकडा तोडला आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून दाखवला. तेव्हा ताई उठल्या आणि कपभर मैदा काट्यावर तोलून दाखवला. एकशे तीस ग्रॅम. साहेबांचा चेहरा एकदम खुलला.

"बघा, मैदाच कमी भरतोय. दुकानदारानं फसवलंय आपल्याला."

सकाळी ते कप घेऊनच दुकानात गेले. दुकानदाराने त्याच मैद्याचं नवं पाकीट काट्यावर ठेवलं, ते बरोबर किलोभर भरलं. मग कपात घातल्यावर हलका कसा होतो, पाण्याइतका का भरत नाही, असं साहेबांनी चढ्या आवाजात विचारलं. गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली.

दुकानदाराने हात जोडले. "साहेब, पाणी घालायचं ते दूधवाला घालतो. मैद्यात घालून विकायची युक्ती आम्हाला अजून सापडलेली नाही."

सगळं दुकान हसलं. साहेबांनी ताठ मानेने तेच पाकीट विकत घेतलं, म्हणजे कुणाला आपण हरलो असं वाटू नये.

घरी ताईंनी त्यांच्यापुढे कप सरकवला. साहेबांनी, फक्त बायकोकडे बघून, दोन कप मैदा मोजला. त्या संध्याकाळी केक असा फुलला की बायकोने डाव्या हाताने दोन तुकडे खाल्ले आणि तिचे डोळे भरून आले. साहेबांनाही भरून आलं. ताई म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याबद्दल मी जे बोलले ते..."

आणि साहेबांना राहवलं नाही. "चांगलाय," ते म्हणाले, "पण वजनाला कमीच भरेल."

ताईंनी वाक्य तिथेच सोडलं. साहेबांच्या पुढची बशी उचलली आणि फ्रिजमधून कालचा केक काढून त्यांच्यापुढे ठेवला.