आप्पांचा बुधवारचा मेल

सकाळी माझ्या कॉम्प्युटर क्लासचं शटर गुडघ्याएवढं वर गेलं की पलीकडे धोतर दिसतं आणि प्रश्न येतो, "सर, कुणी ग्येलं का?"

नवख्याला वाटेल, गल्लीत कुणी अत्यवस्थ आहे. तसं काही नसतं. बब्रुवानआप्पांचा तुळजापुरात लॉज आहे. उतरून गेलेल्या भाविकांना ते दर बुधवारी मेल पाठवतात, म्हणजे ते सांगतात आणि मी पाठवतो. मेलच्या तळाशी 'यापुढे मेल नको' असं बटण असतं. ते कुणी दाबलं की तो माणूस आप्पांच्या लेखी 'गेला'.

"काय चुकलं आपलं? मागच्या टायमाला गिझर बंद होता, त्याचा राग तर न्हाय?"

"आप्पा, लोकांना ढिगानं मेल येतात. कंटाळून दाबतात."

"कंटाळून! म्हंजे आपुनच कंटाळवाणं झालो की."

गावात लिफ्टवाले, एसीवाले लॉज उठलेत. आप्पांकडे आहेत लोखंडी खाटा आणि जुनी गिऱ्हाइकं. ती तुटली की लॉजला कुलूप, हे त्यांनी मनाशी पक्कं केलंय. म्हणून तोच तो मेल पुन्हा नको, हा एकच ध्यास. "रोज पिठलंच वाढलं तर जावईबी पळून जाईल," हे त्यांचं पालुपद. एका बुधवारी कवड्यांची माळ कशी पारखायची, पुढच्या बुधवारी येडेश्वरीच्या दर्शनाला जायचं तर येरमाळ्याला कुठं उतरायचं. एकदा निव्वळ कोडं पाठवलं, उत्तर लॉजवर मिळेल म्हणून. कुणी फिरकलं नाही. आप्पा मात्र आठवडाभर काउंटर सोडून हलले नाहीत.

मग विषय आटले. मंगळवारपासूनच आप्पा घामाघूम. शेवटी घाईघाईत त्यांनी मथळा सांगितला, 'घरातला एखादा नवस फेडायचा राहिलाय का?' मीही पाठवून दिला.

तुळजापूरहून असा सवाल आल्यावर कुणाच्याही काळजात धस्स होणारच. फोन खणखणू लागले. "आप्पा, देवीनं काही कौल दिला का?" सोलापूरच्या एका आजींना नातवाच्या जावळाच्या वेळी देवीला बोललेली साडी आठवली. तो नातू आता स्वतः बाप झालाय. अख्खं कुटुंब साडी घेऊन पहिल्या एसटीनं दारात हजर! लॉज भरला. मी खूश. म्हटलं, "आप्पा, आता हाच मेल फिरवून फिरवून पाठवू!"

आप्पांनी कानाला हात लावले. "न्हाय न्हाय. ती म्हातारी दारातच देवीची माफी मागत हुती, तुमी बघितलं न्हाय. रातभर डोळ्याला डोळा न्हाय तिच्या. म्या लोकास्नी भ्या घातलं, सर."

आणि पुढच्या बुधवारी काय पाठवायला लावलं? 'देवी कुणावर रुसत नाही. सवडीनं या.' लोक सवडीनंच वागले. लॉज पुन्हा रिकामा, आणि शटरखाली पुन्हा धोतर.

माझा पारा चढला. "आप्पा, धंदा करायचाय की धर्मशाळा चालवायचीय? गेले तर गेले! एवढा जीव का जाळता?"

आप्पा समोरच्या खुर्चीवर बसले.

"आमचा ल्योक संदीप बेंगळूरला. त्याची आई ग्येल्यापास्नं रोज रातच्याला त्याला मेसेज टाकायचो. जेवलास का? आधी 'व्हय बप्पा' यायचं. मग नुसता अंगठा. मग तेबी न्हाय. फोनवर इचारलं तर म्हणला, बप्पा, रोज तेच काय इचारता! लई कामात असतंय पोरगं, रागानं न्हाय म्हणला वो. पर तवापास्नं म्या इचारलंच न्हाय."

मी चहा मागवतो असं काहीतरी पुटपुटलो. आप्पांनी खुर्ची पुढं ओढली आणि हळूच, कुणी ऐकत तर नाही ना असं बघून विचारलं,

"सर, 'जेवलास का' हे येगळ्या शब्दांत कसं इचारायचं?"