पणजीचा जिना, मुक्काम लष्कर

दूरचित्रवाणीवर कोर्टाची ती मालिका सुरू झाली की आमचे शेजारी भास्करराव मोहिते खुर्चीतून उठतात, हातातली फूटपट्टी पडद्यावर टेकवतात आणि जाहीर करतात, “हा जिना पणजीचा नव्हे. आपल्या लष्करातला आहे. बिलकुल पक्की बात!”

मालिका पणजीतल्या एका तरुण वकीलबाईंची आहे. पडद्यावर समुद्र दिसतो, नारळ दिसतात. भास्कररावांना यातले काहीही मान्य नाही. त्यांच्या मते नायिकेचे घर आमच्या ग्वाल्हेरच्या हजिऱ्यात, तिची कचेरी नई सडकेवर एका कापडवाल्याच्या माडीवर, आणि ज्या दगडी जिन्याने ती प्रत्येक भागात कोर्टात शिरते, तो लष्कर नावाच्या पेठेतल्या, नई सडकेमागच्या जुन्या सरकारी इमारतीचा.

या गृहस्थांविषयी आमच्या थाटीपूर वस्तीत ज्या कथा सांगितल्या जातात, त्या सर्व खोट्या आहेत. कोणी म्हणतात, वयाने बुद्धी चळली. कोणी म्हणतात, पत्नी गेल्यापासून लक्ष वेधून घेण्याची खोड लागली. यांपैकी एकाही माणसाची भिंत भास्कररावांच्या भिंतीला लागून नाही. माझी आहे. म्हणून हकीगत माझीच ग्राह्य धरावी.

बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. पाहुणा आला की किल्ला नंतर. आधी त्याला स्कूटरवर घालून ते मालिकेची स्थळे दाखवून आणत. पुण्याच्या एका जावयाने भीत भीत विचारले, “पण काका, समुद्र?”

“समुद्र मागाहून चिकटवतात,” भास्करराव गरजले. “जिना चिकटवता येतो का? दगड आहे तो, भई!”

हे मला मनापासून पटत असे. ग्वाल्हेरजवळ समुद्र नाही एवढेच; बाकी या शहराने राजधानीपासून छावणीपर्यंत कोणती भूमिका केलेली नाही? पणजीची करायला त्याला कितीसे कष्ट?

हे ज्यांना सोसत नसे ते सरवटे वकील. निवृत्त झाले तरी उलटतपासणीची सवय सुटलेली नव्हती. ते म्हणत, “मोहिते, तुमची लेक वृंदा पणजीतच वकिली करते ना? विचारा की तिला. एका फोनात निकाल.”

“तिला खटले असतात. उगीच डिस्टर्ब करायचं नाही,” असे म्हणून भास्करराव विषय बदलत.

यंदाच्या गणेशोत्सवात सरवट्यांनी अभिरूप न्यायालयाचा घाट घातला. आरोपी भास्करराव; आरोप पणजी शहर परवानगीवाचून ग्वाल्हेरला हलवल्याचा. आरोपीच्या बाजूचा साक्षीदार मी. सरवट्यांना तोंडघशी पाडायचेच, या निर्धाराने मी भास्कररावांना न सांगता वृंदाला फोन लावला.

ती हसली. “काका, तो जिना इथलाच आहे. आमच्या कोर्टाचा. शूटिंग झालं तेव्हा आम्हाला मागच्या दाराने जावं लागायचं.”

मी गार पडलो. “भास्कररावांना हे ठाऊक आहे?”

“पहिला भाग झाला तेव्हाच सांगितलं होतं.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, बरं. आणि विचारलं, तू किती वाजता चढतेस? मी म्हटलं, दहाच्या सुमारास.”

मी फोन ठेवला. भास्करराव रोज साडेनऊला स्कूटर काढून लष्कराकडे जातात, हे मी आजवर भाजीच्या खाती मांडत आलो होतो.

न्यायालयाच्या दिवशी मांडव भरला होता. भास्करराव आरोपीच्या स्टुलावर फूटपट्टी घेऊन बसले होते. सरवट्यांनी दगडाच्या रंगाचा मुद्दा काढला, नारळांचा काढला, लोकांना हसवले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साक्षीदार, आरोपीच्या कन्येशी तुमचे बोलणे झाले आहे काय?”

भास्कररावांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत हा माणूस घाबरलेला मी पाहिला नव्हता.

“झाले आहे,” मी म्हणालो. “जिना आपल्या लष्करातला आहे. चित्रीकरण मी स्वतः उभे राहून पाहिले.”

“साफ झूठ!” सरवटे ओरडले. “यांना खोटे बोलायला लाज कशी वाटत नाही?”

“मी शपथेवर सांगतो,” मी म्हणालो, “आणि ज्यांना पटत नसेल त्यांनी माझ्याशी भांडावे.” कोणीही पुढे आले नाही. आरोपी निर्दोष सुटला. सरवटे अजूनही माझी साक्ष विकत घेतली होती असे सांगत फिरतात. त्यांना सांगू द्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्कररावांनी माझ्या दारापुढे स्कूटर थांबवली आणि मागच्या सीटवर नुसता हात आपटला. मी बसलो. जुन्या इमारतीशी उतरलो, त्यांनी घड्याळ पाहिले, कठड्याला हात लावला आणि पहिली पायरी चढले. मी आपला नेहमीच्या तडफेने पुढे निघालो.

त्यांनी माझी बाही धरली.

“सावकाश, पंत,” ते म्हणाले. “तिच्या हातात फायली असतात.”