साठवणपेटीवरील अरिष्टाची हकीकत

श्रीमंगलमूर्ती आणि अखंड चालणारी वीज, या उभयतांस वंदन करून लिहिले ऐसे जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, सौम्यवासरी एका तीन खोल्यांच्या राज्यी मोठे अरिष्ट जाहले. राज्याचे धनी निरंजनपंत. त्यांनी फडताळात साठवणपेटी बांधिली होती आणि तीत दोन डिस्का ठेविल्या, एकीत जे तेच दुसरीत, जेणेकरून एक पडली तरी दुसरीने खजिना राखावा. खजिना म्हणजे कन्या शर्वरी हिचे जन्मापासूनचे सहा वर्षांचे फोटो. पंतांस आपले कर्तृत्वाचा भरवसा इतका, की राणीसाहेब मृणालबाई यांचे फोनात जागा पुरेना तेव्हा तेथील फोटो त्यांस न विचारता पुसून टाकिले, आणि ही गोष्ट पोटात ठेविली. मग पेटीतही जागा पुरेना, म्हणोन थोर डिस्का आणविल्या, आणि नवमीचे सकाळी जुन्यांपैकी जी खुरखुरत होती ती काढून नवी बसविली, आणि उरल्या जुनीवरून नवीवर नक्कल सुरू जाहली. तो मातोश्री कुसुमावतीबाई पूजेचे तबक घेऊन आल्या. खंडेनवमीस घरची हत्यारे पुजावी हा कुळाचार. काढिलेली डिस्क त्यांनी पाटावर विळी आणि पाना यांचे पंक्तीस मांडिली, आणि म्हणाल्या, "पेटीलाही फुलं वाहू का रे?"

"वाहा ना, आई. तीच तर आपली तोफ," ऐसे बोलून पंतांनी स्वहस्ते पेटीस हार घातला आणि वरून खण पांघरिला. खणाखाली पेटीचा पंखा झाकला, हे मर्दास समजले नाही. मग पेटी आतून तापत गेली, आणि पंत श्रीखंडावर आडवा हात मारीत असता, नक्कल अर्ध्यावर टाकून आतील जुनी डिस्क कामास आली, ती पुन्हा फिरेना. उरली ती पाटावरची खुरखुरती. तिजकडे हात जाता मातोश्री बोलिल्या, "पुजलेलं हत्यार उद्या उचलायचं. आज हात लावायचा नाही." मग तो दिवस पंतांनी कसाबसा काढिला, अन्न गोड लागेना.

दसऱ्यास पूजा उचलली आणि डिस्क हाती आली, परंतु ती जोडण्यापूर्वी पंत राणीसाहेबांपुढे उभे राहिले. "मृणाल, तुझ्या फोनमधले शर्वरीचे फोटो मी पुसलेत. हिच्यात नसतील तर कुठेच नाहीत."

राणीसाहेब म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतंस." पंतांस फार लाज वाटली. "जोड आता," त्या बोलिल्या. डिस्क खुरखुरली, थांबली, पुन्हा खुरखुरली, आणि फोटो उघडला: दुपट्यात गुंडाळलेली तासाभराची शर्वरी. पंत सर्वांदेखत रडले. शर्वरी डोकावून म्हणाली, "हे बाळ कुणाचं?"

"आमचं," राणीसाहेब बोलिल्या.

येणेप्रमाणे खजिना राहिला, पराक्रम तेवढा गेला. हल्ली एक प्रत राणीसाहेबांचे माहेरी असते आणि पेटीचा पासवर्ड खुद्द राणीसाहेबांपाशी. पंतांस काही पुसणे जाहल्यास आधी त्यांस विचारावे लागते, आणि पंत विचारितात.