टबातली सवत

“आठवडाभरात याचं तेरावं घालतो की नाही बघ!”

सुरतेच्या डिंडोलीतल्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, अंगात बनियन आणि हातात भरलेली बादली अशा थाटात हिलालनं प्रतिज्ञा केली. ऐकायला कुणी नव्हतं. समोर फक्त त्याचा वैरी उभा होता. टबातला सोनटक्का!

बायकांना सवत असते. बायकोच्या वाटेकऱ्याला नवऱ्यानं काय म्हणायचं ते भाषेनं अजून ठरवलेलं नाही. हिलालनं त्याला सवतच मानलं होतं. उन्हाळ्यात गावाहून येताना सापुताऱ्याच्या उतारावर गाडी थांबली आणि बायकोनं, उषाबाईंनी, ओढ्याकाठचा तो कंद उपटून पदरात बांधला. तेव्हा उन्हात छत्री धरून हिलालच उभा होता! सवत घरात आणली ती स्वतःच्या हातानं.

सुरतेत कंदाला कोंब आला, पण पानं कडेनं करपू लागली. झालं! घरात आजारी लेकरू असावं तसा उषाबाईंचा जीव टबात अडकला. सकाळी उठलं की आधी त्याच्यापाशी. “कसा शे रे, राजा? झोप लागली का?” मग गडूनं चार थेंब पाणी, जास्त झालं तर बाधेल म्हणून. आणि वर ओवी:

डोंगरीचा गं पाहुणा, माझ्या दारी उतरला,
त्याला सावली कराया, मी पदर पसरला.

हिलाल आतून खोकला. मुद्दाम, जुनाट दमेकऱ्यासारखा.

“चहा झाकून ठेवलाय,” बाहेरून उत्तर आलं. “आणि एवढ्या मोठ्यानं खोकू नका, दचकतो तो!”

त्याच दिवशी ठरलं. कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात मुकादम होण्याआधी हिलाल पारोळ्याकडच्या कापसात वाढलेला. शेतात पाणी साचलं की कापूस मान टाकतो, हे तो झोपेतही सांगेल. तेव्हा खून करायचा तो पाण्यानं! उषाबाई देवळात गेल्या तशी त्यानं टबाच्या भोकात चिंधी कोंबली आणि अख्खी बादली उपडी केली. मातीतून बुडबुडे आले.

“बुड, बेट्या, बुड!”

आठवडा गेला. सोनटक्का काही मेला नाही. उलट करपल्या पानांशेजारून नवा कोंब वर आला, लंगोट कसलेल्या पैलवानासारखा! “जाताना जीव धडपडतोच,” म्हणत हिलालनं एकीच्या दोन बादल्या केल्या. आणखी कोंब फुटले. आषाढात तर टबात झाड आहे की झाडात टब, तेच कळेना. उषाबाई रोज त्याची दृष्ट काढू लागल्या. इकडे हिलाल वाळत चालला होता. पण त्याची दृष्ट काढायला सवड कुणाला होती!

श्रावणात कळी आली आणि हिलाल पेटला. त्यानं नळालाच पाइप लावला आणि सोडला टबात. होऊन जाऊ दे! टब भरला, गॅलरी भरली, आणि खालून किंकाळी आली.

खालच्या मजल्यावरची नूतन जिना दणाणत वर आली. “काका, आमच्या सासूबाई गॅलरीत पोथी वाचायला बसल्यात, त्यांच्यावर अभिषेक चाललाय!”

तिच्या मागोमाग उषाबाई, हातात देवळातला प्रसाद. पाइप अजून हिलालच्या हातात.

“तुम्ही पाणी घालता याला? रोज?”

“म्हणजे... तसं नाही...”

“मला चोरून?”

हिलालनं मान खाली घातली. आता भांडी उडणार! पण उषाबाईंचे डोळे भरून आले.

“अहो, मला वाटायचं तुम्हाला त्याचा रागच येतो. आणि तुम्ही बादल्या वाहत होतात! मी खुळी, थेंब थेंब पाजत बसले. ओढ्याकाठचं लेकरू ते, तहानेनं करपत होतं. ओळखलं ते तुम्हीच!”

नूतन आ वासून बघत राहिली. हिलालही.

त्या संध्याकाळी हिलालच्या ताटात शेवभाजी पडली, वर आग्रह पडला, कपाळावरचा घामसुद्धा पदरानं टिपला गेला. खरं काय ते एकदा त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं शेवेबरोबर गिळून टाकलं. जिंकलो!

“आता मला घोर नाही,” हात पुसत उषाबाई म्हणाल्या. “याला सोडून पाय निघत नव्हता, म्हणून यंदा कानबाईच्या सणाला माहेरी जायचं रहित केलं होतं. उद्याच निघते. श्रावण सरला की येईन. तुम्ही आहात ना त्याला!”

दोन दिवसांनी फोन वाजला. व्हिडिओ कॉल! हिलालनं घाईघाईनं केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि फुललेल्या सोनटक्क्यापुढे ऐटीत उभा राहून फोन समोर धरला.

उषाबाईंनी डोळे बारीक केले. मान इकडून वळवली, तिकडून वळवली.

“अहो, जरा बाजूला सरका ना. तुम्ही मध्ये येताय!”