राहू द्या की, पावणं

जिनेंद्र मगदूम थालीपीठाचा शेवटचा घास तोंडात घालत होता, तेव्हा त्याच्या आईनं, त्रिशलाबाईंनी, सहज सांगितल्यासारखं सांगितलं की आज मैदानावर ज्याच्याशी गाठ आहे तो निपाणीचा महावीर चौगुले म्हणजे आदितीचा सख्खा थोरला भाऊ. आदिती म्हणजे ते स्थळ. जनावरांची डॉक्टर, फोटोत हसरी, पत्रिकाही जुळलेली. चौगुले मंडळी संध्याकाळी घरी यायची होती, पण आता आधी खेळ बघायलाच येणार होती.

जिनेंद्रचा घास घशातच अडकला. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"लई हाणू नकोस त्याला," त्या म्हणाल्या. "भावाला रडवून भणीला मागणी घालायची म्हंजे बरं दिसत न्हाई."

जिनेंद्र हा देशातल्या पहिल्या पाचांतला गोल्फ खेळाडू. पण तो स्ट्रोकप्लेमध्ये. स्ट्रोकप्ले म्हणजे आपण आपले फटके मारायचे, चार दिवसांचे सगळे मोजायचे, ज्याचे कमी तो जिंकला. त्यात समोर कुणी नसतं. टोपी डोळ्यांवर ओढून जिनेंद्र एखाद्या मुनीसारखा चालत राही आणि बक्षीस घेऊन घरी येई. मॅचप्लेचं तसं नाही. तिथं एकास एक लढत, अठरा भोकं म्हणजे अठरा होल, प्रत्येक होलचा निकाल तिथल्या तिथं, आणि समोर हाडामासाचा माणूस. त्या माणसाचा चेहरा पडला की जिनेंद्र विरघळायचा आणि त्याचा पुढचा फटका वाकडा जायचा. पश्चिम विभागाच्या संघातून तीन वर्षं तो खेळत होता आणि तीन वर्षांत एकही लढत जिंकला नव्हता.

संघाचा कप्तान अमरसिंह याच्या बरोबर उलट. स्ट्रोकप्लेत त्याचं नाव यादीच्या तळाशी शोधावं लागे, कारण एकदा बॉल तळ्यात गेला की तळ्यावरचा राग काढायला तो आणखी चार बॉल तळ्यात घाली. पण मॅचप्लेत समोर माणूस दिसला की याच्या अंगात वारं शिरायचं. "तिकडं हिशोब असतोय, हिकडं कुस्ती," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान होतं, आणि ते तो जिनेंद्रला तीन वर्षं ओरडून सांगत होता.

यंदाची पश्चिम-दक्षिण लढत कोल्हापुरातच होती. दुपारपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत आले आणि सगळं येऊन ठेपलं शेवटच्या जोडीवर. जिनेंद्र आणि महावीर.

पहिल्याच होलवर महावीरचा बॉल भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. मॅचप्लेमध्ये समोरच्याला असा सोपा फटका सोडून देता येतो. न मारताच बॉल आत गेला असं धरतात. जिनेंद्र म्हणाला, "राहू द्या की, पावणं." यात काही गैर नव्हतं. अमरसिंहनंही मान डोलावली.

दुसऱ्या होलवर जिनेंद्रचा बॉल चांगला सहा फूट लांब होता. महावीर हसून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, दाजी." दाजी हा शब्द ऐकून जिनेंद्र कानापर्यंत लाल झाला. एवढा मान कुणी दिल्यावर परतफेड नको का करायला? तिसऱ्या होलवर त्यानं महावीरला बारा फूट सोडले. चौथ्यावर महावीरनं वीस सोडले. लग्नाच्या पंगतीत दोन व्याही एकमेकांच्या ताटात जिलबी वाढत सुटतात, तसा प्रकार सुरू झाला.

पंच संयोगिताबाई कडक होत्या. त्यांनी दोघांना बाजूला घेऊन बजावलं, की सोडलेला फटका परत मागता येत नाही आणि नाकारताही येत नाही, तेव्हा जरा विचार करून बोला. दोघांनी नम्रपणे मान हलवली. पुढच्या होलवर जिनेंद्रनं महावीरला फटका सोडला तेव्हा बॉल अजून गवतात होता आणि तो नेमका कुठं आहे हे कुणालाच दिसत नव्हतं.

प्रेक्षकांत तालमीतली बरीच मंडळी होती. एका पैलवानानं शेजाऱ्याला विचारलं, "ह्यात हारायचं असतंय काय?" शेजारी म्हणाला, "तसंच दिसतंय बाबा. दोघंबी जीव लावून पाठ टेकाया लागल्यात."

नवव्या होलनंतर अमरसिंहनं जिनेंद्रला झाडामागं ओढलं आणि खरं काय ते काढून घेतलं. ऐकून त्यानं स्वतःची टोपी जमिनीवर आपटली. मग त्यानं डोकं चालवलं. समोर चेहरा दिसतो म्हणून हा विरघळतो ना, तर चेहरा दिसायलाच नको.

"टोपी वड डोळ्यांवर," तो म्हणाला. "समोर कोण न्हाईच. आज स्ट्रोकप्ले हाय आसं समज."

जिनेंद्रनं टोपी ओढली आणि खरोखर त्याचा हात बसला. बॉल सरळ जायला लागले. पण महावीरचं काय? जिनेंद्र बॉलपाशी पोचायच्या आतच तो लांबून ओरडे, "सोडला, दाजी, सोडला." मग त्याचा मोठेपणा बघून जिनेंद्रला राहवत नसे, आणि पुढचा होल तो टोपीखालूनच सोडून देई. अमरसिंह तणतणत दक्षिणच्या कप्तानाकडे तक्रार घेऊन गेला, तर तो आधीच कपाळ धरून बसलेला. महावीरच्या आईनं पोराला निघतानाच तंबी दिली होती, की जावयाला हरवलंस तर भणीचं लगीन मोडलं म्हणून समज.

अशा रीतीनं दोघं एकमेकांना ढकलत ढकलत शेवटच्या, अठराव्या होलवर बरोबरीत आले. तिथं मात्र आदिती दोरीखालून पुढं आली. दुपारभर उन्हात उभी राहून ती तापली होती.

"आण्णा, आणि तुम्ही पण," ती म्हणाली, "आता जो कोण सोडेल, त्याच्यामुळं ह्ये लगीन मोडलं. मला सगळ्या जल्मात ऐकून घ्यायचं न्हाई, की तुझ्यासाठी मी हरलो."

संयोगिताबाईंनी तिला नियमाप्रमाणे मागं व्हायला सांगितलं, पण जरा उशिरानंच सांगितलं.

मग दोघं पहिल्यांदाच खेळले. जिनेंद्रनं हिरवळीच्या पार कडेवरून बॉल ढकलला, तो वळत वळत गेला आणि भोकात पडला. महावीरला बरोबरी साधायला तीन फुटांचा फटका उरला. त्यानं सवयीनं जिनेंद्रकडं पाहिलं. जिनेंद्रचं तोंड सवयीनं उघडलं. मग त्याला दोरीपलीकडे आदिती दिसली आणि ते मिटलं. महावीरनं फटका मारला. बॉल भोकाच्या काठाला फेरी घालून बाहेर येऊन थांबला.

पश्चिमनं चषक जिंकला. त्रिशलाबाईंनी कपाळावर हात मारला. "घालवलंस बघ स्थळ," त्या पुटपुटल्या.

चहाच्या मांडवात महावीरला राहवलं नाही. तो म्हणाला की आपण एवढे सोडले नसते तर दाजी दहाव्या होललाच हरून घरी गेले असते. जिनेंद्र कप खाली ठेवून म्हणाला की सोडायला सुरुवात खरी आपण केली. महावीर म्हणाला, वीतभर सोडल्याचं काय सांगताय. आवाज चढले. आजूबाजूची माणसं खुर्च्या वळवून बसली.

त्रिशलाबाई बशी खाली ठेवून मधे पडायला उठल्या. महावीरच्या आई मात्र शांतपणे बिस्कीट बुडवत ऐकत होत्या.

"दुपारपास्नं जिवाला घोर लागलाता माझ्या," त्या म्हणाल्या. "परक्यावानी नुसतं मान द्यायलेत एकमेकांला. आता भांडाया लागल्यात, तर घरचं वाटायलंय. तारीख बघा, वहिनी."

त्रिशलाबाईंनी आदितीकडं पाहिलं. आदिती म्हणाली की तिची हरकत नाही, मात्र आज रात्रीचं जेवण सूर्य मावळायच्या आत मिळालं तर बरं, कारण या दोघांच्या नादात ती सकाळपासून उपाशी आहे.

सगळी मंडळी उठून घराकडं निघाली तरी ते दोघं मांडवातच होते. महावीरनं छाती पुढं काढून विचारलं, की तुम्ही सोडलेले आपले लांबचे फटके काय आत गेले नसते होय? जिनेंद्रनं टोपी वर सारली, आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाला, "एक बी गेला नसता."

मागं चषक बगलेत मारून उभ्या असलेल्या अमरसिंहच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीन वरीस घसा फोडला मी," तो दक्षिणच्या कप्तानाला म्हणाला. "पोरगं आज मॅचप्ले शिकलं, मॅच संपल्यावर."