संवेदनशील तंबू

यमुनेचं पाणी झोपड्यांत शिरलं, तेव्हा कुणाच्या भावना दुखावू नयेत याची खबरदारी सर्वप्रथम घेण्यात आली. त्यासाठी ‘सांस्कृतिक संवेदनशील निवारा कक्ष’ स्थापन झाला आणि सल्लागार म्हणून मूळच्या पुण्याच्या शुभदाताईंची नेमणूक झाली. बाई मनाने खरोखर चांगल्या. अडचण तिथूनच सुरू झाली.

पूरग्रस्त मुसलमान कुटुंबांसाठी तंबू आले. बायकांच्या बाजूला जाड पडदा, न्हाणीला आडोसा, सगळं शुभदाताईंनी जातीने आखलेलं. पण तंबू ठोकणारे निघाले पुरुष, आणि पडद्याआड परपुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा कक्षाचा नियम. ताईंनी काम थांबवलं. महिला तंबू-उभारकांसाठी निविदा निघाली. तोवर बायका उड्डाणपुलाखाली उघड्यावर बसून होत्या. अख्खी दिल्ली हॉर्न वाजवत त्यांच्याकडे बघत जात होती. पण रस्ता कक्षाच्या अखत्यारीत येत नव्हता.

त्यांतली हमीदन पुढे आली. तिच्या सुनेचे दिवस भरले होते.

“मॅडम, बहू को कभी भी दर्द उठ जाएगा. सामान दे दो, तंबू हमारे लड़के तान लेंगे.”

“आपके लड़के बाक़ी औरतों के लिए तो पराये मर्द हुए ना! आपकी तहज़ीब से हम बिल्कुल खिलवाड़ नहीं करेंगे.”

“खिलवाड़ तो पानी कर रहा है, बेटी.”

शुभदाताईंना भरून आलं. हमीदनचं मात्र भीक नको पण कुत्रा आवर असं झालं होतं.

निविदेला कुणीच आलं नाही. शेवटी पुरुषांनी डोळ्यांवर पट्टी बांधून तंबू ठोकावेत, असा मध्यम मार्ग निघाला. तंबू उभे राहिले; छत खाली, पडदा वर. पडदा जाडीला नियमानुसार असल्याचं कक्षाने लगेच प्रमाणित केलं.

संध्याकाळी पाऊस कोसळला आणि सुनेला कळा सुरू झाल्या. हमीदनने रस्त्यापलीकडच्या सोसायटीकडे बोट दाखवलं. “वो हॉल ख़ाली है ना?”

सोसायटी शुभदाताईंचीच. त्या भिजत घरी धावल्या. नवरा विक्रांत सोसायटीचा सेक्रेटरी. त्याने तातडीची सभा बोलावली.

“हॉल द्यायला माझी हरकत नाही यार,” तो कळवळून म्हणाला, “पण त्यांचा विचार करा. शेजारी आपलं देऊळ, किचन शुद्ध शाकाहारी. त्या बिचाऱ्यांना किती अवघडल्यासारखं होईल!”

मुद्दा इतका संवेदनशील होता की ताईंनी लगेच मान डोलावली. त्या लोकांच्या भावनांचा आदर म्हणून हॉल न देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. ताईंचाही हात वर होता.

हमीदनला नात झाली ती उड्डाणपुलाखाली, चिखलात. पोरीचं अंग बराच वेळ गार लागत होतं.

तुम्ही त्या सभेला नव्हता, हे बरं झालं. हात खाली ठेवणं तुम्हालाही जडच गेलं असतं.