मंजुरीत त्रुटी

लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर हेडक्लार्कसाहेबांनी एकदाचं मनावर घेतलं, बायकोला परदेशी न्यायचं. फक्त दोघांनी जायचं. सासू नाही, साडू नाही, कोणी म्हणजे कोणी नाही! बाईंना ऐकूनच भरून आलं. आजवर दोघांनीच मिळून केलेला सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे दातांच्या डॉक्टरपर्यंत. (तोही साहेबांच्या दाढेसाठी.)

ऑफिसात त्यांना सगळे त्रुटीसाहेब म्हणत. अर्ज कितीही चोख असो, त्यात खोट काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. एका भल्या माणसाचं आभाराचं पत्रसुद्धा त्यांनी 'पुरावे जोडावेत' असा शेरा मारून परत पाठवलं होतं.

आता ज्या देशात जायचं होतं, त्यानं नवा नियम काढला होता. पर्यटकांनी निघण्याआधीच मोबाइलवरून प्रवेशाची परवानगी घ्यायची. नसेल तर विमानातसुद्धा चढू देणार नाहीत. साहेब खूश झाले, बाह्या सरसावून बसले. पण अर्ज कसला तो! पासपोर्टचा फोटो, चेहऱ्याचा फोटो आणि चार-सहा प्रश्न. आपण अतिरेकी आहात काय? नाही. झालं! चहा निवायच्या आत दोघांच्या परवानग्या आल्यासुद्धा.

बाईंनी टाळी वाजवली. साहेबांचा चेहरा पडला.

"हे काही खरं नाही."

"अहो, मंजूर म्हणून लिहिलंय की!"

"तेच तर! कोणी तपासलंच नाही. मी अतिरेकी नाही, हे त्यांना कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"आणि त्यांनी विश्वास ठेवला? असला कसला देश हा!"

"मी नाही ठेवत का अधूनमधून? सरका, बॅग भरू द्या."

पण साहेबांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून त्यांनी परस्पर परवानगी देणाऱ्या खात्याला ईमेल धाडला: 'पुरेशी छाननी न करता मला मंजुरी दिल्याचे दिसते. सोबत चारित्र्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला व विजेचे बिल जोडले आहे. प्रकरण पुन्हा तपासावे.' (बायकोचं नाव मात्र त्यांनी घातलं नाही. तिच्याबद्दल त्यांची खात्री होती. प्रेम व्यक्त करायची ही त्यांची पद्धत.)

उत्तर तत्परतेनं आलं. 'आपल्या विनंतीनुसार आपली परवानगी स्थगित केली असून सखोल चौकशी सुरू आहे.'

"याला म्हणतात काम!" साहेब हरखले. मग आठवलं, विमान परवाचं होतं.

पायाखालची जमीन सरकली. त्यांनी ईमेलवर ईमेल पाठवले, तक्रार मागे घेतो म्हणून गयावया केली. खात्यानं कळवलं, 'तक्रारदार व संशयित एकच असल्याने प्रकरण गुंतागुंतीचे झाले आहे.'

बाई आधी रडल्या, मग चिडल्या, मग त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. तिची परवानगी बसल्या बसल्या आली, त्याच विमानाचं तिकीटही मिळालं.

विमानतळावर साहेब दोघींच्या बॅगा ढकलत होते. इतका पश्चात्ताप त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, "साहेब नाही येत?"

"त्यांची चौकशी चालू आहे," बाई म्हणाल्या.

मुलगी दचकली. साहेबांकडे चोरून बघत तिनं हळूच विचारलं, "काही सापडलं का हो?"

"छे गं!" बाईंनी बोर्डिंग पास पर्समध्ये टाकला. "इतकी वर्षं मी शोधतेय, मला काही सापडलं नाही. त्यांना काय सापडणार, कप्पाळ!"